पाचव्या रिंगेला उचल गं बये

आमचा फोन नऊ वर्षं नंबर लावून मिळालेला. म्हणून त्याला हात लावायचा तर आधी मला विचारायचं, हा कायदा. मी रुक्मिणी, राहणार काजूपाडा, बोरिवली पूर्व. तीन माळ्यांची बिल्डिंग, त्यात फोन एकच, तोही तळमजल्यावर माझ्या खोलीत. सगळ्यांनी सासर, माहेर, कचेरी, डॉक्टर, जिथे-तिथे आमचाच नंबर देऊन ठेवलेला.

पण खरं सांगू? त्या फोनवर बोलायचं कुणीच नाही. बोललं की पैसे पडतात. आम्ही नुसत्या रिंगा द्यायचो. एक रिंग वाजून बंद झाली की समजायचं, आमचे हे, म्हणजे भाऊराव, कांदिवलीच्या कंपनीतून सुटले, चहाचं आधण ठेव. दोन वाजून बंद झाल्या की वरच्या सोनूबाईचा मुलगा सुटला, त्या भात टाकायच्या. तीन वाजून बंद म्हणजे गोराईची कृष्णाबाई कोळीण. ती बंदरावरच्या दुकानातून फोन लावायची. तीन रिंगा म्हणजे सुरमई आली, पिशवी घेऊन बाजारात पळ, नाहीतर शेपटी मिळेल. चौथी वाजली तर कुणाला तरी खरंच बोलायचंय, कुणी मेलं असेल नाहीतर जन्मलं असेल, मग मी उचलायची. झकास व्यवस्था होती. आणि हा सगळा खेळ चालायचा दुपारी चारच्या सुमाराला, शिफ्ट सुटताना आणि होड्या लागताना.

ह्या व्यवस्थेत पाय घातला तो माझ्या दिरानं, सहदेवानं.

सहदेव कणकवलीहून आमच्याकडे आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. माझं लग्न होऊन तीन महिने झालेले. मुंबईत आल्यावर पहिल्या दिवशी ह्यानं विचारलं, "वयनी, हय न्हाणीघर खय असा?" मी बोट दाखवलं त्या रांगेत वीस माणसं उभी होती. तो तसाच परत येऊन बसला आणि रडला. तेव्हापासून तो माझा. मारलाही मी आणि भरवलाही मी.

पुढे गिरणीत लागला, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तिथे ह्या कानाचं त्या कानाला ऐकू येत नाही असं म्हणतात, पण ह्याचे कान उलट तिथेच तयार झाले. डोळे मिटून सांगायचा, अमक्या साच्याचा पट्टा सैल आहे, तमक्याचा धोटा आता अडकणार. आणि अडकायचाच! मग ब्याऐंशीचा संप आला आणि सगळ्यांची वाट लागली, तशी ह्याचीही लागली. त्याची बायको प्रेमा आणि पोरगी राधा, दोघींना गावी पाठवलं. राधा तेव्हा चालायलाही लागली नव्हती. सहदेव म्हणाला, सहा महिन्यांत आणतो. त्याला पाच वर्षं होऊन गेली. मधल्या काळात त्यानं दूध टाकलं, रद्दी उचलली, मढला शूटिंगच्या बंगल्यावर पहारा केला. तिथे एकदा त्याला वरातीत उभं केलं, भाड्याचा फेटा बांधून. म्हणाला, "वयनी, खोट्या लग्नात मी इतको रडलंय की डायरेक्टरान शाबास म्हटल्यान." हसावं की रडावं ते मला कळेना.

शेवटी साकीनाक्याला चंद्रप्रकाश शेठच्या कारखान्यात लागला. पंपांचे सुटे भाग. काम खोकी बांधायचं, तेही टेम्पररी. पण एकदा खोकी बांधता-बांधता आतल्या खोलीतल्या प्रिंटरचा आवाज ऐकून हा बाहेरून ओरडला, "ओ, कागद तिरको जाताहा!" आत बघतात तर खरंच. शेठला मोठी गंमत वाटली. हळूहळू सहदेव आत गेला, कॉम्प्युटरसमोर बसला आणि एका बोटानं टाईप करायला शिकला.

शेठचं एक गोदाम आमच्या शेजारच्याच खोलीत होतं. ते खोक्यांनी छतापर्यंत भरलेलं, म्हणून तिथला कॉम्प्युटर आला माझ्या घरी, माझ्या शिवणयंत्राच्या टेबलावर! फोनचं बिल शेठ भरणार म्हटल्यावर भाऊरावांनी मला न विचारताच मान डोलावली. सहदेव रोज गोदामातल्या मालाची यादी त्या मशीनवर करायचा, फ्लॉपीत घालायचा आणि फ्लॉपी घेऊन साकीनाक्याला जायचा. कुठून न्यायचा माहीत आहे? जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून. एक दिवस बांगड्याचं तिखलं सांडलं. शेठनं फ्लॉपी नाकाला लावली आणि विचारलं, "सहदेव, ये स्टॉक है के सालन?"

तेव्हा शेठनं ठरवलं, आता फ्लॉपी नको, यादी फोनवरून आली पाहिजे. आणि माझ्या घरात ती पेटी आली.

पेटी म्हणजे मॉडेम. वहीएवढी चपटी, पुढे लाल दिव्यांची ओळ. एक तार फोनला, एक तार कॉम्प्युटरला. तशीच दुसरी साकीनाक्याला. इकडचं मशीन तिकडच्या मशीनला फोन करणार, दोघी आपसात बोलणार, यादी जाणार, चिठ्ठ्या जाणार. मधे माणूस नाही.

"तिका सांगूचा कसा?" मी विचारलं.

"लिवन," सहदेव म्हणाला. "दरवेळी आधी ए आणि टी लिवचा. म्हणजे लक्ष दे. मग काय ता काम."

"म्हणजे 'अगो, आयक गे' म्हणायचं."

"तसाच. आणि आयकला की ती म्हणता 'ओके'."

खरंच त्यानं टाईप केलं आणि खाली 'ओके' आलं. माझा जीव जळाला. अठरा वर्षं मी ह्या घरात 'आयक, आयक' करून घसा फोडते, भाऊराव एकदा ओके म्हणाले असतील तर शपथ!

पण अडचण होती ती रिंगांची. बरोबर चार वाजता साकीनाक्याहून फोन येणार, आणि कितव्या रिंगेला उचलायचा ते पेटीला आधी सांगून ठेवायचं. ती एक-दोन-तीनला उचलायला लागली तर आमच्या सगळ्या खुणा मेल्या. इंजिनियर टाय लावून आला होता, तो म्हणाला, "एकवर ठेवा आणि लोकांना रिंगा द्यायचं बंद करायला सांगा." मी त्याला दिलेला चहाचा कप तिथल्या तिथे परत उचलला. म्हटलं, बाबा, तुझी पेटी आली काल, माझा फोन आला नऊ वर्षांनी.

मग जिन्यात मीटिंग भरली. तीनपर्यंत खुणा, चौथीला मी, म्हणून पेटीला पाचवी रिंग द्यायची. चार ते सव्वाचार मी फोनला हात लावायचा नाही. एकमतानं पास. सहदेवनं टाईप केलं, पाच. बया म्हणाली, ओके.

सोमवारी चार वाजता फोन वाजला. एक. दोन. तिसरी वाजायला लागली आणि पेटीनं खट्‌कन उचलला! आतून जी किंकाळी फुटली, ती तापल्या तव्यावर ओला बांगडा टाकल्यासारखी. चर्रर्र करून शिट्टी, वर आणखी शिट्टी. सोनूबाई जिन्यावरूनच ओरडल्या, "मी सांगितलं होतं ना, फोनाक भूत लागला!"

तासाभरानं कृष्णाबाई दारात. पाटी डोक्यावरून उतरवायच्या आधीच सुरू झाली, "गो रुक्मिनी, तुज्या फोनान कोन किंचालते गो? माज्या कानान अजून शिटी वाजते! आनि दुकानवाला बोलला फोन लागला, रुपया दे!" मी तिला रुपया दिला, पाणी दिलं, कानात घालायला तेल दिलं. तरी जाताना म्हणाली, "आता सुरमई आयली तरी मी नाय सांगाची."

म्हणजे बघा. घरात भूत, दारात कोळीण रुसलेली.

मंगळवारी सहदेवनं पाचाचे सहा केले आणि स्वतः नाक्यावर जाऊन फोन लावला. पेटीनं पुन्हा तिसऱ्याच रिंगेला उचलला. पाच सांगितले तरी तीन, सहा सांगितले तरी तीन! इंजिनियर पुस्तक बघून म्हणाला, सेटिंग बरोबर आहे. बिल्डिंगची कटकट कानावर गेली तसा शेठ बाकी वैतागला. त्यानं सहदेवला समोर बसवून सांगितलं, "शनिवारी चार बजे मी इथून स्वतः नंबर फिरवणार. तिकडे कुणी हात न लावता मशीननं उचललं, यादी आली, आणि त्या रिंगवाल्या बायकांची कटकट आली नाही, तर तू कायम. नाही जमलं तर पेटी परत, और तू भी परत खोकी बांधायला. और वो काम भी मे महिन्यापर्यंतच आहे."

सहदेवनं घरी येऊन हे सांगितलं. मी ताट वाढलं तर नुसता भात चिवडत बसला. त्याच दिवशी प्रेमाचं कार्ड आलं होतं. राधाला जूनमध्ये पहिलीत घालायची आहे. गुरुजी विचारतात, नाव इथल्या शाळेत घालू की मुंबईत घालणार? ह्या महिन्यात सांगा. बाकी सर्व ठीक. एवढंच. मी ते कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं होतं, आणि ठेवलं ते चुकलंच माझं.

"वयनी," तो म्हणाला, "गावातच घाल म्हणान लिवतंय. तिका मोजूकच येणा नाय, मी काय करू?"

मला असा राग आला! त्याचा नाही, त्या चपट्या बयेचा. माझ्या अख्ख्या खानदानाचं नशीब एका पेटीच्या अंकगणितावर? म्हटलं, "सहदेवा, ऊठ. मोजूक येणा नाय तर शिकवूया. मी तुका पाढे शिकवलंय, ही कोण लागून गेली?"

गुरुवारी भाऊरावांनी अर्धी रजा टाकली. त्यांना नाक्यावरच्या फोनवर पाठवलं. मी उलथनं हातात घेऊन पेटीसमोर उभी राहिले, आणि सहदेव जमिनीवर मांडी घालून डोळे मिटून बसला, पूर्वी साच्यासमोर बसायचा तसा.

फोन वाजला. मी मोठ्यानं मोजलं, "एक! ऐकतेस ना गं? दोन! ती…"

खट्‌. किंकाळी.

"मेले, तीनसुद्धा पुरे म्हणू दिले नाहीस!" मी उलथनं उगारलं.

सहदेवनं डोळे उघडले. "वयनी, परत मोज. पहिली रिंग कशी वाजली?"

"कशी म्हणजे? ट्रिंग-ट्रिंग."

"ती एक झाली की दोन?"

"एक! खुळ्या, ट्रिंग-ट्रिंग म्हणजे एकच ना. जोडीनं वाजते ती."

"ट्रिंग," त्यानं एक बोट धरलं. मग जरा थांबून, "ट्रिंग." दुसरं बोट.

"अरे, जोडपं लग्नाला आलं तर पत्रिका किती देतोस? एकच ना?"

"पत्रिका एक, वयनी. पण पाट?"

मी मनातल्या मनात पंगत मांडली. पाट दोन.

"ही पाट मोजता!" सहदेव उडी मारून उठला. त्याचं डोकं शिवणयंत्राच्या टेबलाला आपटलं, तरी हसतच होता. "ही परदेशातसून इलेली. तिच्या माहेराक फोन एकदाच लांब वाजता. आपलो जोडीन वाजता. तेका ती दोन धरता! पाच म्हणजे दोन जोडपी आणि तिसऱ्यातलो एकटो घोव, नुसतो नवरो. सहा म्हणजे तीन जोडपी पुरी!"

"मग आम्हाला पाचवी रिंग हवी तर?"

"चार जोडपी आठ, आणि पाचव्यातलो एक. नऊ!"

त्यानं नऊ लिहिलं. ओके आलं. पुन्हा फोन करा म्हणून सांगायला मी तशीच अनवाणी नाक्यावर पळाले. भाऊराव तिथे पानवाल्याला सहदेवाच्या गिरणीच्या गोष्टी सांगत होते. मी परत आले तर दारात सहदेव, त्याची पाच बोटं वर. पाचव्या रिंगेला उचलला होता. मी त्याला धरून घरातल्या घरात दोन फुगड्या घातल्या. बत्तीस वर्षांचा घोडा आणि मी. सोनूबाई बघून गेल्या आणि वर जाऊन म्हणाल्या असतील, आता भूत अंगात शिरलं.

शुक्रवारी त्यानं साकीनाक्याच्या पेटीला सांगून ठेवलं की समोरची लवकर उचलत नाही, मिनिटभर धीर धर. मी गोराईला जाऊन कृष्णाबाईची समजूत काढली. ती म्हणाली, "परत किंचालली तर पाटी तुज्या दारान उलटी करीन."

शनिवार. साडेतीनपासून माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सगळी बिल्डिंग. सहदेव साकीनाक्याला शेठजवळ, इकडे सगळं माझ्या भरवशावर. भाऊरावांनी पेटीपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या बायेन पाचव्या रिंगेक फोन उचलूक व्हयो!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आमच्या सहदेवाची यादी सुखरूप पोचूक व्हयी!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि वाटेत कोणी इंजिनियर आडवो इलो तर तेका…"

"बस झालं हो!" मी म्हटलं. चारला दोन मिनिटं कमी होती.

तेवढ्यात फोन वाजला. एक. दोन. तीन. सगळ्यांनी श्वास धरला. बंद झाला. बया गप्प राहिली! कृष्णाबाईची सुरमई! आम्ही ओरडणार होतो, पण सोनूबाईंनी सगळ्यांना पदर तोंडावर धरायला लावला. पेटी बिचकेल म्हणे.

चार वाजले. पुन्हा वाजला. एक. दोन. तीन. चार. आणि आमच्या ह्यांचा हात सवयीनं फोनकडे गेला. चौथीला उचलायची घरातली सवय! मी असा फटका मारला त्या हातावर की दोन दिवस निळा होता. पाचवी. खट्‌. शिट्टी, चर्रर्र, आणखी एक शिट्टी, आणि लाल दिवे नाचायला लागले. यादी जात होती. कुणीही काही न करता जात होती. आम्ही चाळीस माणसं हात बांधून उभे.

यादी संपली आणि हिरव्या पडद्यावर अक्षरं यायला लागली, एकेक करून. तिकडून चिठ्ठी येत होती. मशीनला मराठी येत नाही, इंग्रजी अक्षरं. सातवीपर्यंत शिकलेली मीच त्यातल्या त्यात पुढे, मी मोठ्यानं वाचायला लागले.

"एस, एच, ई, टी, ए, एन. शे… शैतान."

सोनूबाई मटकन खाली बसल्या. "बघा! मी बोलले होते!"

"के, ए, वाय." मग लाईनमध्ये खरखर झाली आणि मधे एक वाकडी खूण आली. मग "ए, एम."

"काय आम?" भाऊराव म्हणाले. "शैतान काय आम? आम म्हणजे आंबो. शेठ आंबे पाठवता की काय?"

"के, ई, एल, वाय, ए, एन. केल्यान."

शैतान काय आम केल्यान. चाळीस माणसं त्या वाक्याकडे बघत राहिली. मी ते एकदा पुटपुटले, दोनदा पुटपुटले, आणि तिसऱ्यांदा माझ्या तोंडून आपोआप आमची बोली निघाली. शैतान नाही हो. शेटान! शेटान कायम केल्यान! शेठनं कायम केलं!

मी खाली बसले आणि हमसून रडले. लाज नाही वाटली. भाऊरावांनी नारळ तिथेच फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं, तो मी पदरानं पुसला, आणि कुणीतरी जिन्यात शिट्टी मारली ती पेटीच्या वरताण. खाली आणखी एक ओळ आली होती. ती वाचायला मला अक्षरं लावावी लागली नाहीत. प्रेमाक आपय, प्रेमाला बोलावून घे.

मी तशीच पोस्टात गेले आणि तार केली. तारबाबूनं मजकूर विचारला तर मला काही सुचेना, म्हटलं लिहा, 'सहदेव कायम, पोरीक घेऊन ये'. तो म्हणाला, बाई, तार इंग्रजीत नाहीतर हिंदीत करा. म्हटलं, तुम्ही करा काय करायची ती, फक्त 'कायम' तसंच ठेवा.

पाचव्या दिवशी प्रेमा आली. राधा बापाला ओळखेना, दोन दिवस माझ्याच पदराआड. तिसऱ्या दिवशी सहदेवनं तिच्याकडून एटी टाईप करून घेतलं, आणि पडद्यावर ओके आल्यावर ती जी हसली, ती मग त्याच्या मांडीवरून उठेना.

जूनमध्ये आम्ही चौघं शाळेत गेलो, नाव घालायला. फॉर्म सहदेवनं भरला. राधाचं नाव, जन्मतारीख, पत्ता. मग आलं, वडिलांचा व्यवसाय. तिथे त्याचं पेन थांबलं. पाच वर्षं असा रकाना आला की हा तो रिकामा सोडायचा, मी बघितलंय. मग त्यानं ठळक अक्षरात लिहिलं: कायम.

क्लार्कनं चष्म्यावरून बघितलं. "अहो, हा काय व्यवसाय झाला? खोडा हे, आणि काय काम करता ते लिहा."

सहदेवनं पेन उचललं. प्रेमानं फॉर्मवर हात ठेवला.

"खोडू नकात," ती म्हणाली.